वसंत पाटील भेटला म्हणून

कागल तालुक्यातल्या मुरगुडात एखाद्या मजुराचा पोरगा पदवीधर झाला की सत्काराच्या भाषणात त्याची जिद्द हटकून येते. शाल, श्रीफळ, जिद्द. मध्येच कॉलेज सोडलेल्यांचा सत्कार होत नाही, त्यामुळे त्यांच्यात काय होतं हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, जिद्दीत ही मुलं कुठंच उणी नव्हती. उणं होतं ते आजूबाजूला.

याच तालुक्यातलं एक पुस्तक या बाबतीत फार प्रामाणिक आहे. आनंद यादवांची आत्मचरित्रात्मक कादंबरी ‘झोंबी’ १९८७ साली आली, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि तेव्हापासून आपण ती एका हट्टी मुलाची कहाणी म्हणून वाचत आलो. मुलगा हट्टी आहेच. पण बापाने शाळा सोडवून शेताला जुंपल्यावर नुसत्या हट्टाने काही हललं नव्हतं. आई त्याला घेऊन गावातल्या वजनदार दत्ताजीराव सरकारांकडे गेली. त्यांनी बापाला बोलावून फैलावर घेतलं, तेव्हा कुठं अटी घालून परवानगी मिळाली: अकरापर्यंत शेत, मग शाळा, सुटल्यावर गुरं. म्हणजे आईचं शहाणपण आणि बाप ज्याचा शब्द मोडणार नाही असा एक माणूस, एवढं उंबऱ्याबाहेर पडायलाच लागलं.

खरी गोष्ट पुढे वर्गात घडते. जुने सोबती पुढे गेलेले, आजूबाजूला वयाने लहान पोरं, त्यांची टिंगल. असा मुलगा आठ दिवसांत परत शेतावर जातो. पण तिथं वसंत पाटील नावाचा एक किरकोळ अंगाचा, शांत पोरगा होता. त्याची गणितं कधी चुकत नसत. आपला आनंदा त्याचं बघून वह्यांना कव्हरं घालू लागला, गणितं सोडवू लागला आणि काही दिवसांत वसंतबरोबर इतरांची गणितं तपासू लागला. मराठीला सौंदलगेकर मास्तर होते. ते कविता गाऊन शिकवत आणि स्वतःही लिहीत. त्यांच्या दारातल्या मालतीच्या वेलावर त्यांनी केलेली कविता वाचून, वेलही रोज पाहिलेला असल्यामुळे, या पोराला उमगलं की कवी आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. मग म्हशी राखताना तो कविता जुळवू लागला; कागद नसला की काटकीने म्हशीच्या पाठीवर लिहायचा. पुढे हाच मुलगा पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला.

तरी या मुलाला जातीचा अपमान सोसावा लागला नव्हता, हे विसरून चालणार नाही. त्याच कागलच्या महारवाड्यातल्या पोराला आणखी काय लागलं असतं, याचा विचार कागलच्याच घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी केला होता. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहांवर टीका तेव्हाही झाली, आजही होते. पण याच राजाने १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. वर्ग सगळ्यांचा एक. दिवेलागणीला परतायची जागा मात्र आपली. दिवसभर परक्या नजरा झेलून आलेल्या पोराला पाय पसरून बसता येईल अशी एक खोली लागते, हे महाराजांनी ओळखलं होतं असं मला वाटतं. अमेरिकेतल्या अटलांटाचं मोरहाउस कॉलेज, १८६७ पासून कृष्णवर्णीय तरुणांना शिकवणारं, मला याच जातकुळीचं वाटतं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर युरी ट्राइसमन यांचं काम सांगितलं पाहिजे. १९७० च्या दशकात बर्कलेच्या विद्यापीठात कलनशास्त्राच्या पेपरात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने गळत. तयारी कच्ची, घरी वातावरण नाही, मनावर घेत नाहीत, अशी कारणं प्राध्यापक मंडळी सांगत. (आपल्या स्टाफरूममध्येही हीच ऐकू येतात.) ट्राइसमन यांनी मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. ही मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र रात्री एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. मग ट्राइसमन यांनी कच्च्या मुलांची शिकवणी काढली नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन मुलांना गटाने बसवलं. गुण वाढले, गळती घटली. त्याच्या कितीतरी वर्षं आधी कागलच्या वर्गात वसंत पाटलाने नकळत केलेलं हेच काम होतं.

आपल्याकडेही मुलगा कॉलेज एका दिवसात सोडत नाही. बाप आजारी पडतो, एसटी चुकते, एक प्रॅक्टिकल बुडतं, शिष्यवृत्तीच्या अर्जाला एक दाखला कमी पडतो आणि तारीख निघून जाते. तेवढ्यात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून नाहीतर गोकुळ शिरगावातून कुणीतरी सांगतं, ये, सोमवारपासून लाग. पहिला पगार घरात आला की परतीची वाट बंद. मुलाला लवकर कमावता येतं हीच त्याची अडचण. पैशाची मदत हवीच, त्याशिवाय बाकी सगळं बोलणं पोकळ. पण हजेरी घेताना त्याच्या नंबरावर लागोपाठ तीन दिवस कुणीच ‘यस सर’ म्हणालं नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जाणारा मित्र किंवा फोन करणारे सर किती असतात? मस्टरवर फुली पडते आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

गंमत अशी, की बी.कॉम.च्या तासाला न फिरकणारा हाच पोरगा भरतीच्या तयारीला पहाटे पाचला मैदानावर हजर असतो. कारण तिथं गट असतो. उठला नाही तर दोघं दारात येऊन हाका मारतात, सोळाशे मीटरची वेळ कुणाची किती आली हे सगळ्यांना माहीत असतं, मागे पडलेल्याला पुढचा ओढतो. पोलीस व्हायचं नाहीतर फौजेत जायचं, तर ते एकट्याने जमत नाही, हे पोरांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. पदवीचा अभ्यास मात्र ज्याने त्याने आपल्या खोलीत, आपल्या नशिबाने करायचा, असं आपण धरून चाललो आहोत. भरतीच्या गटातली चार पोरं दुपारी एका टेबलाभोवती बसवून त्यांना अकाउंट्सचं एक अवघड गणित द्यायला कॉलेजला नवी इमारत लागत नाही, आणि कुणा दत्ताजीरावांचा शब्दही लागत नाही.