प्राध्यापकानें अध्यापन शिकावें काय ?

सातव्या इयत्तेंतील मुलास गणित शिकविणाऱ्या शिक्षकापाशीं अध्यापनशास्त्राची पदविका किंवा पदवी असलीच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. तोच मुलगा सहा वर्षांनीं महाविद्यालयांत गेला म्हणजे त्यास शिकविणाऱ्या गृहस्थास मात्र ‘आपण शिकवावयास कोठें शिकलांत ?’ असें कोणी विचारीत नाहीं. त्यानें एम्. ए. किंवा एम्. एस्सी. व्हावें, नेट किंवा सेट उतरावें, नाहींतर डॉक्टरेट मिळवावी, एवढें पुरे. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेंत अध्यापनाविषयीं कांहीं प्रश्न असतात हें खरें. परंतु त्यांचीं उत्तरें चार पर्यायांतून एक निवडून द्यावयाचीं असतात. पोहण्याची परीक्षा अशा रीतीनें घेतली तर विहिरीवर जी अवस्था होईल, ती येथें वर्गांत होते.

ही विसंगति केवळ सरकारी नियमांची असती तर तिजविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु नियम हे बहुधा समजुतींचे अनुचर असतात. आणि येथें मुळाशीं असलेली समजूत अशी कीं, ज्यास विषय येतो त्यास तो शिकवितां येतोच, आणि ज्यास शिकवितां येत नाहीं त्याचा तो पिंडच नव्हे. म्हणजे अध्यापन ही एकतर विद्वत्तेची सावली, नाहींतर जन्मजात देणगी. दोन्ही मतांचा व्यवहारांत परिणाम एकच होतो : अध्यापकास शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. माझ्या मतें हा प्रश्न सोयीचा नसून नीतीचा आहे.

या समजुतीस आपला इतिहासही अनुकूल पडला. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणें आणि पदव्या देणें हें त्याचें काम. स्वतः अध्यापन करण्याचा अधिकार विद्यापीठांस १९०४ च्या कायद्यानें मिळाला. महाविद्यालयांत कोण कसें शिकवितो, हा दाराआडचा मामला होता. पुढें पुण्यांत १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, तेव्हां अध्यापकाविषयींचा एक उज्ज्वल आदर्श महाराष्ट्रापुढें आला; पण तो आदर्श त्यागाचा होता. अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याचें व्रत त्या मंडळींनीं घेतलें. टिळक १८९० मध्यें सोसायटींतून बाहेर पडले तेही, आजीव सभासदानें बाहेरचें उत्पन्न घ्यावें कीं नाहीं, अशा स्वरूपाच्या वादांतून. व्रताची मर्यादा कोठें, हा तो वाद. शिकविण्याची रीत कोणती, हा नव्हे. त्या पिढीचा मोठेपणा कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु त्या आदर्शाची छाया आपल्यावर अशी पडली कीं, प्राध्यापक निर्लोभी आणि वक्तशीर असला म्हणजे तो चांगला, असें आपण धरून चाललों. निर्लोभी मनुष्यही दुर्बोध असूं शकतो.

वैद्याच्या हातून चूक झाली तर रोगी दगावतो. वकिलाची चूक निकालपत्रांत उमटते. इंजिनियरचा पूल पावसाळ्यांत वाहून जातो. प्राध्यापकाची चूक कोठें दिसते ? ती मुकाट्यानें वर्गाबाहेर पडते, गाईड विकत घेते, आणि पन्नास गुण मिळवून उत्तीर्ण होते. कधीं अनुत्तीर्णही होते. परंतु तेव्हांही गुणपत्रिकेवर नांव विद्यार्थ्याचें असतें. आणि यांतील सर्वांत खेदाची गोष्ट ही कीं, त्या विद्यार्थ्यास तें मान्य असतें. न समजल्याचें कारण तो आपल्याच डोक्यांत शोधतो. ‘सर फार विद्वान् आहेत, मलाच झेपत नाहीं,’ हें वाक्य ज्याच्या कानांवर आलें नाहीं असा अध्यापक विरळा. आणि तें ऐकून आपला सत्कार झाला असें ज्यास वाटत नाहीं, असा त्याहून विरळा. आपल्या खात्यांतील तोटा दुसऱ्याच्या खात्यांत मांडणें यास पेढीवर जें नांव आहे, तें येथें लावावयास आपण कचरतों, इतकेंच.

माझ्या विषयांतील, म्हणजे अर्थशास्त्रांतील, एक उदाहरण देतों. मागणीची लवचिकता ही कल्पना अगदीं पहिल्या पाठांपैकीं आहे. तिची व्याख्या, सूत्र, आकृति हें सारें मुलें परीक्षेंत बिनचूक लिहितात. आतां त्याच मुलांस विचारावें कीं, सर्वत्र कांद्याचें पीक उदंड आलें तर शेतकऱ्यांच्या हातीं एकंदरींत पैसा अधिक येईल कीं कमी ? पुष्कळांचें उत्तर ‘अधिक’ असें येतें. माल अधिक म्हणून पैसा अधिक. हें उत्तर देणाऱ्यांत नाशिक जिल्ह्यांतील मुलेंही असतात, ज्यांच्या घरीं लासलगांवचा भाव हा जेवतांनाचा नित्याचा विषय असतो ! उदंड पिकाच्या वर्षीं आपले वडील कां हवालदिल होतात, हें त्यांस घरीं ठाऊक असतें. कांद्याची मागणी अलवचिक आहे, म्हणजे भाव निम्म्यावर आला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाहीं, हें त्यांस वहींत ठाऊक असतें. या दोन ज्ञानांची गांठ मात्र कधीं पडलेली नसते. ती पाडणें हें पुस्तकाचें काम नव्हे. तेवढ्यासाठींच समाज अध्यापकास पगार देतो.

हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविणारे एरिक माझूर यांस असाच अनुभव आला, आणि त्यांनीं तो लपविला नाहीं म्हणून तो जगाच्या उपयोगीं पडला. त्यांचीं व्याख्यानें लोकप्रिय होतीं; मुलें कठीण गणितें सोडवीत. १९९० च्या सुमारास, बल आणि गति यांच्या मूलकल्पना तपासणारी एक साधी परीक्षा त्यांनीं आपल्या वर्गास दिली. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचें बल कोणावर अधिक, अशा धर्तीचे तींत प्रश्न. (न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें दोन्ही बलें सारखींच.) तेव्हां एका विद्यार्थ्यानें निरागसपणें विचारलें कीं, उत्तरें आपण शिकविल्याप्रमाणें लिहावयाचीं, कीं एरव्हीं आम्हांस जसें वाटतें तसें ? एका सत्राच्या व्याख्यानांचा हिशेब त्या एका प्रश्नांत झाला. माझूर यांनीं पुढें रीत बदलली. प्रश्न घालावा, प्रत्येकानें आपापलें उत्तर ठरवावें, आणि मग ज्याचें उत्तर निराळें असेल त्या शेजाऱ्यास तें पटवून पाहावें. त्यांना असें आढळलें कीं, गुरूनें दोनदां सांगून जें उमगलें नाहीं तें शेजारी दोन मिनिटांत उमगवून देतो. याचें कारण मोठें बोधप्रद आहे. शेजाऱ्यास ती गोष्ट आतांच समजलेली असते, त्यामुळें कोठें ठेंच लागते हें त्याला आठवतें. गुरु ती वाट तीस वर्षें चालला आहे; वाटेंत दगड होता हेंच तो विसरून गेला. विद्वत्ता ही अध्यापनाची पूर्वअट खरी, पण तिच्याच पोटीं अध्यापनाचा एक अडथळाही जन्मतो, आणि जितकी विद्वत्ता जुनी तितका तो मोठा.

येथें कोणी म्हणेल कीं, वर्ग भरलेला असतो, मुलें तल्लीन होतात, मग आणखी पुरावा कशाला ? तर मुलांच्या तल्लीनतेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेंत १९७० सालीं एका नटास ‘डॉक्टर फॉक्स’ असें नांव देऊन, त्याच्याकडून गणिती क्रीडा-सिद्धांतावर मुद्दाम पोकळ व परस्परविरोधी विधानांनीं भरलेलें व्याख्यान देवविण्यांत आलें. श्रोते सुशिक्षित, व्यवसायानें मानसोपचारादि क्षेत्रांतले. त्यांनीं व्याख्यात्यास उत्तम अभिप्राय दिले. उलट हार्वर्ड येथेंच केलेल्या व २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, ज्या मुलांस वर्गांत स्वतः खटपट करावी लागली तीं अधिक शिकलीं, पण आपण कमी शिकलों असें त्यांस वाटलें. सफाईदार व्याख्यान ऐकणारांचें नेमकें उलटें. २०१४ सालीं २२५ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, त्यांत केवळ व्याख्यानानें शिकविलेल्या वर्गांत शेंकडा सुमारें ३४, तर मुलांस कामास लावणाऱ्या वर्गांत सुमारें २२ विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्याचें दिसलें. तात्पर्य, आपलें समाधान आणि मुलांच्या टाळ्या हे दोन्ही साक्षीदार फुटलेले आहेत.

सरकारनें या बाबतींत कांहीं केलें नाहीं असें नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें अकॅडेमिक स्टाफ कॉलेजें काढलीं; पुढें त्यांचें नामांतर झालें, आणि २०२३ पासून तें काम मालवीय मिशनच्या नांवें चालतें. ओरिएंटेशन, रिफ्रेशर अशा वर्गांस कांहीं आठवडे बसावें, प्रमाणपत्र घ्यावें, तें बढतीच्या अर्जास जोडावें. २०१० पासून तर प्रत्येक कृत्यास गुण मोजण्याची पद्धत आली आणि प्राध्यापकवर्ग शाळकरी मुलासारखा गुणांची बेरीज करूं लागला. अशा एका वर्गांत, विद्यार्थ्यांस बोलकें कसें करावें या विषयावर सलग तीन तासांचें व्याख्यान मीं ऐकलें आहे. प्रश्नांस वेळ उरला नव्हता. या वर्गांतून चांगलें कांहींच निघालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. दूरच्या महाविद्यालयांतील एकाकी अध्यापकास तेथें समव्यवसायी भेटतात, हा लाभ लहान नव्हे. पण जी गोष्ट रोजच्या कामांत, त्याच वर्गांत, त्याच मुलांसमोर घडावयाची, ती परगांवीं जाऊन तीन आठवड्यांत उरकतां येत नाहीं.

मग ती घडावी कशी ? कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें श्रेष्ठत्वावरून भांडण लागतें. निवाड्यास बसलेली परिव्राजिका, कला स्वतःच्या अंगीं असणें आणि ती दुसऱ्यांत उतरवितां येणें या दोन गोष्टी निराळ्या मानते, आणि ज्याच्या ठायीं दोन्ही असतील त्यास अग्रस्थान देते. परीक्षा ठरते तीही आचार्यांच्या नृत्याची नव्हे, शिष्यांच्या. (हा सारा घाट राजास मालविका दिसावी म्हणून घातलेला असतो, ही गोष्ट वेगळी, परीक्षण-समित्यांचे अंतस्थ हेतु तेव्हांपासूनच निराळे असावेत.) आपल्याकडे गवयी गुरूसमोर रियाझ करतो आणि जाणकारांच्या बैठकींत गातो. शस्त्रवैद्य सहकाऱ्यांच्या देखत शस्त्र चालवितो. वकिलासमोर तर त्याचा चुका शोधण्यासाठींच नेमलेला दुसरा वकील उभा असतो. एकटा प्राध्यापक असा कीं, जो दार लावून, ज्यांचे गुण आपल्या हातीं आहेत अशाच लोकांपुढें आपली कला दाखवितो.

हें दार समव्यवसायी मित्रास उघडें करावें, एवढेंच माझें मागणें आहे. त्यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा येईल, आणि तो खोटा नाहीं. मागच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याचें टिपण प्राचार्यांच्या टेबलावर जाणार असेल, तर त्या दिवशीं प्रत्येकजण नाटक करील, आणि तें करण्याचा त्यास अधिकार आहे. म्हणून टिपण दोघांतच राहावें. तपासणी आणि सोबत यांत मीं एवढाच भेद मानतों. दुसरा आक्षेप असा कीं, फळ्याकडे तोंड करून पुटपुटणाऱ्या एखाद्या ऋषितुल्य अध्यापकानेंही कोणाच्या मनांत आयुष्यभराची आवड लावलेली असते. मान्य आहे. पण अशी आवड शंभरांत दोघांस लागते, आणि ते दोघे बहुधा पुस्तकें असलेल्या घरांतले असतात. महाविद्यालयांत मूठभर घरांतील मुलें येत, तेव्हां वर्गांत राहिलेलें घरीं भरून निघे. आज ज्या घरांतून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीस आली आहे, तेथें तें कोण भरून काढणार ? ऐपत असेल तर खाजगी क्लास, नाहींतर कोणी नाहीं. वाईट अध्यापनाचें नुकसान सर्वांस सारखें सोसावें लागत नाहीं, म्हणूनच मला हा प्रश्न नीतीचा वाटतो.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण अध्यापक घेतलेल्या तासापुरताच मोबदला मिळवितो, सुटींत त्यास कांहीं मिळत नाहीं, आणि एका महाविद्यालयाचा तास संपवून दुसरें गांठण्याच्या घाईंत असतो. त्यानें मित्राच्या वर्गांत बसावें आणि रात्रीं आपल्या अध्यापनाचें चिंतन करावें, असें सांगण्यास माझी जीभ रेटत नाहीं. हें कर्तव्य त्याच्याआधीं त्यास तसें राबविणाऱ्या संस्थांचें आणि शासनाचें आहे. कायम पगार घेणाऱ्या आम्हां लोकांस मात्र ती सबब नाहीं.

माझ्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे आणि मराठीचे असे दोन प्राध्यापक गेलीं कांहीं वर्षें महिन्यांतून एकदां परस्परांच्या वर्गांत मागें जाऊन बसतात. विषय निराळे असल्यामुळें चुका काढण्याचा मोह होत नाहीं. पहिल्या भेटींत मराठीच्या बाईंनीं जें टिपलें तें एवढेंच : फळ्याचा खालचा तिसरा हिस्सा शेवटच्या चार बाकांवरून दिसत नाहीं, आणि समीकरणाचा शेवट बहुधा तेथेंच येतो; तेथील मुलें तेवढी जागा वहींत मोकळी सोडतात. ते प्राध्यापक आतां वरच्या अर्ध्या फळ्यावरच लिहितात, आणि पुसण्यापूर्वीं मागच्या बाकावरच्या कोणासतरी शेवटची ओळ मोठ्यानें वाचावयास लावतात.