रुमाल

सकाळी आल्या आल्या, चहा यायच्या आत, मी क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांची, रांग बघतो. ‘एसक्यू’ एवढी कमांड दिली की कोणाकोणाची कामं उभी आहेत ते पडद्यावर दिसतं. नावापुढे ‘आर’ असेल तर काम चालू, ‘पीडी’ असेल तर ताटकळत. शेवटच्या रकान्यात कारणही येतं. ‘रिसोर्सेस’ म्हणजे नंबर लागलाय, फक्त मशीन मोकळं व्हायचंय. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे पुढे अजून माणसं आहेत. इतकं सरळ उत्तर कुठल्या खिडकीवर मिळाल्याचं मला आठवत नाही.

रांग सांभाळते ती स्लर्म. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेली ही प्रणाली आज जगातल्या कितीतरी महासंगणकांवर आहे. आधी आला त्याचं आधी, असा तिचा हिशोब नाही. अलीकडे ज्याने मशीन जास्त वापरलं, त्याला ती मागे ठेवते. पण डूख धरत नाही. मूळ सेटिंगला हात लावला नाही, तर जुन्या वापराचं ओझं दर ७ दिवसांनी निम्मं होतं. (आमच्या विभागातल्या काही भांडणांनाही हे सेटिंग हवं होतं.)

शिवाय तिला फटी दिसतात. मोठ्या कामासाठी २० नोड, म्हणजे २० संगणक, जमायचे आहेत आणि तोवर त्यातले दोन ४ तास रिकामे बसणार आहेत, तर मागचं ३ तासांचं काम ती तिथे उरकून घेते. पुढच्याचं काही बिघडत नाही. फक्त काम ३ तासांचं आहे हे आधी सांगावं लागतं, आणि ते कोणी सांगत नाही. मागितलेला वेळ संपला की काम बंद पडतं, म्हणून सगळे ४८ तास मागतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे तास टाकून ठेवायचे. काम पावणेतीन तासांत संपतं.

लागेल तेवढाच वेळ मागा, असं दर नव्या तुकडीला मी सांगायचो. पीएचडीच्या एका मुलीने मनावर घेतलं. काम ६ तासांचं वाटत होतं, तिने ८ मागितले. तिचा नंबर कुठल्या कुठे होता, तरी रात्री ८ वाजता फट सापडून काम सुरू झालं. मध्यरात्रीनंतर तिच्या लक्षात आलं, की वेळ पुरणार नाही. चालू कामाची मुदत वाढवणं फक्त माझ्या हातात. ‘सर, एकच तास वाढवून द्याल का?’ हा तिचा मेसेज २ वाजून १० मिनिटांचा. मी तो साडेसहाला वाचला. काम ४ वाजता बंद पडलं होतं, नोंदीत ‘टाइमआउट’. मधले आकडे साठवत जायची सोय तिने केली नव्हती. ती कशी करायची हे मीच शिकवलं नव्हतं.

परवा रांगेत पुन्हा तिचं नाव दिसलं. पीडी, प्रायॉरिटी, ४८ तास. मी काही बोललो नाही. चहा आला होता.