पांढरीतली खापरं

मिरगाच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या माळवदावर माती चढायची. ती शेतातली नसे. शेतातली काळी भिजली की फुगते, वाळली की तडकते आणि मग घरात जागोजागी घमेली ठेवायची पाळी येते. माळवदाची माती गावाबाहेरच्या टेकाडावरून, पांढरीतून आणायची. गाडी रिकामी झाली की आजी ढेकळं हाताने फोडायची आणि निघालेली खापरं बाजूला टाकायची. त्यातलं चपटं, कडा झिजलेलं खापर आम्ही ठिकरी खेळायला उचलायचो. काळी रेघ ओढलेलं एक तांबडं खापर मी बरेच दिवस दप्तरात बाळगलं होतं. ते कुणाच्या घरचं, हा प्रश्न कधी पडला नाही. बोरीला काटे असतात तशी पांढरीत खापरं असतात, एवढंच ठाऊक होतं.

काळी आणि पांढरी ही आपल्या भाषेतली जुनी जोडी. काळीत पिकतं, पांढरीत माणूस राहतो. पण वस्तीची माती पांढरी का? चुलीची राख, गुरांचं शेण, कुजलेलं छप्पर, पडलेल्या भिंती, पुन्हा त्यांवर उभ्या राहिलेल्या भिंती. शेकडो वर्षं माणूस एका जागी राहिला की मातीचा रंगच पालटतो. पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचे थर म्हणतात, त्याला आपल्या कुणब्यानं विद्यापीठं निघायच्या कितीतरी आधी नाव देऊन ठेवलं. दख्खनमध्ये जुन्या वस्त्या शोधणारे लोकही नदीकाठी हाच रंग बघत फिरले. नाव दिलं आणि तीच माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकली, छपरावर चढवली, हेही तितकंच खरं.

जपानची गोष्ट मला याच वाटेने आठवते. 1877 साली एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ योकोहामाहून टोकियोला आगगाडीने चालला होता. ओमोरीजवळ रुळांसाठी कापलेल्या चढात त्याला शिंपल्यांचा थर दिसला. शिंपल्यातल्या जीवांचाच तो अभ्यासक. इतके शिंपले इथे समुद्राने आणून टाकलेले नाहीत, कुणीतरी खाऊन टाकलेत, हे त्याने ओळखलं. पुढे तिथे खणल्यावर खापरं निघाली. त्यांवर दोरी दाबून उठवलेली नक्षी होती. त्या नक्षीवरून या लोकांच्या संस्कृतीला 'जोमोन' म्हणजे दोरीच्या खुणांची असं नाव पडलं.

शाळेत आपण एक जिना पाठ केलेला असतो: आधी शिकार, मग शेती, मग घर, मग मडकं. जोमोन लोकांनी तो जिना मोडीत काढला. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला ओदाई यामामोतो इथे सोळा हजार वर्षांमागची खापरं सापडली आहेत. भातशेती तिथे पोचायला त्यानंतर तेरा हजार वर्षं जावी लागली. मधल्या काळात हे लोक मासे धरत, हरणं मारत, चेस्टनट आणि ओकची फळं साठवत, आणि चक्क गाव करून राहत. आओमोरीजवळच्या सान्नाई मारुयामा गावात सुमारे 5900 ते 4200 वर्षांपूर्वी माणसं नांदली. चेस्टनटचे मीटरभर जाडीचे सहा खांब त्यांनी 4.2 मीटरच्या नेमक्या अंतरावर रोवले होते. हे कळलं ते 1992 मध्ये तिथे बेसबॉलचं मैदान बांधायला घेतलं म्हणून. आधी उत्खनन झालं आणि जे निघालं ते पाहून 1994 मध्ये मैदानाचं काम थांबवलं गेलं. आपल्याकडे पाझर तलावाचं काम एखाद्या खापरासाठी थांबलेलं मी तरी ऐकलं नाही.

पण मला अडकवलं ते खांबांनी नव्हे. सान्नाई मारुयामात मोठी माणसं रस्त्याच्या कडेने पुरलेली आहेत. तान्ही मुलं मात्र वेगळी, मडक्यात घालून पुरलेली. अशी शेकडो मडकी निघाली. इतरत्र काही जोमोन घरांत मडकं थेट उंबऱ्यापाशी पुरलेलं सापडतं.

हे वाचलं तेव्हा शिरूर तालुक्यातलं इनामगाव डोळ्यांपुढे आलं. घोड नदीकाठच्या या गावी 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी उत्खनन केलं. इसवीसनापूर्वी 1600 पासून 700 पर्यंतची वस्ती. शंभराहून अधिक घरं. आणि घरात, जिथे निजायचं, जेवायचं, त्याच जमिनीखाली लेकरं. करड्या रंगाचे दोन रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड भिडवलेले, मधल्या पोकळीत ते एवढंसं मूल, शेजारी एखादं छोटं भांडं. मोठ्या माणसांना उत्तर-दक्षिण निजवून घोट्याखालचे पाय तोडून पुरलेलं. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क. ज्ञानेश्वरांचं आपेगाव ठाऊक आहे ना? गोदाकाठी पैठणजवळचं. इनामगावात नांदली त्या जोर्वे संस्कृतीचे थर तिथल्या पांढरीतही निघाले. म्हणजे ही माणसं मराठवाड्याला परकी नव्हेत.

जपान आणि दख्खन यांच्यात समुद्र आहेत आणि हजारो वर्षं आहेत. एकाने दुसऱ्याकडून घेतलं, असं कुणी म्हणू नये. तरी दोन्हीकडच्या आईला गेलेलं मूल रानात टाकवलं नाही, ते पायाखाली, घराच्या उबेत हवं होतं. जपानात अगदी अलीकडेपर्यंत बाळंतिणीची वार उंबऱ्याखाली पुरायची रीत होती. तिच्यावरूनच काही अभ्यासकांनी उंबऱ्यापाशी पुरलेल्या जोमोन मडक्यांचा अर्थ लावला. आणि आपल्याकडे? तान्ह्याला आजही जाळत नाहीत, पुरतात. माणूस कितीही दूर गेला तरी 'नाळ इथं पुरलीय' म्हणतो. ही काही कवीची उपमा नाही. आमच्या आजीने ती खरोखरच परसात पुरलेली होती आणि जागा बोटाने दाखवायची.

इथे एक मोह सांगून टाकतो. इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली. तिच्यात कच्च्या मातीची एक स्त्री, डोकं नसलेली. सोबत बैल. तेर आणि भोकरदनलाही पुढच्या काळातल्या बिनडोक्याच्या देवी मिळाल्या आहेत, आणि रा. चिं. ढेऱ्यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ वाचलेल्याला तो धागा ठाऊक असतो. आता नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला जा. रेणुकेचं नुसतं मुख पुजतात, धड नाही. परशुरामाने आईचं शिर उडवल्याची कथा तर घरोघर आहे. धड इनामगावला, मुख माहूरला! ओळ जोडायला हात शिवशिवतो. पण मध्ये तीन हजार वर्षांची दरी आहे आणि तिच्यावर पूल बांधायला माझ्याकडे फक्त हौस आहे. जपानात त्या हौसेने काय केलं ते नोव्हेंबर 2000 मध्ये जगाने पाहिलं. 'दैवी हातांचा' म्हणून गाजलेला एक हौशी संशोधक दगडी हत्यारं गुपचूप स्वतः पुरत होता आणि मग तीच 'शोधत' होता. माइनिची या वर्तमानपत्राने त्याचे फोटोच छापले. आपला देश लाखो वर्षं जुना निघावा, ही इच्छा इतकी दांडगी होती की पाठ्यपुस्तकं दुरुस्त करावी लागली. म्हणून माहूरची गोष्ट मी मोह म्हणूनच सांगितली.

मोहाची गरज नाही, इतकं आपल्या जमिनीत खरं आहे. आमच्या लातूरकडे कुणाला विचारा, उत्तर ठरलेलं: इथं काय आहे, दुष्काळ. पण मांजरा नदीच्या खोऱ्यात पुरातत्त्वज्ञ र. वि. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1981 च्या आधीच अश्मयुगीन हत्यारं आणि प्राण्यांचे जीवाश्म मिळाले होते. लातूर जिल्ह्यातल्या मांजराकाठी हत्ती, रानबैल आणि पाणघोडा यांची हाडं मिळाली आहेत. पाणघोडा! ज्याला दिवसभर डुंबायला बारमाही डोह लागतो, ते जनावर. त्याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. स्टेशनवर ती गाडी बघायला गर्दी झाली होती. त्या गर्दीत मांजरेच्या पाणघोड्याची आठवण कुणी काढली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

इनामगावातही शेवटी पाऊस रुसला, असं ढवळीकरांचं मत. इसवीसनापूर्वी हजारच्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. अलीकडे काहींनी या दुष्काळाच्या कथेवर शंका घेतली आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्यात खरं कोण, ते मला ठरवता येत नाही. पण दिवाळी झाली की आमच्याकडे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बिऱ्हाडं चढतात आणि कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या गोल कोप्या उभ्या राहतात. मी तेवढंच पाहिलेलं आहे.

आणि 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यातली कितीतरी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवद अंगावर येऊन. त्या माळवदांवर वर्षानुवर्षं थर चढवलेले होते, पांढरीतून आणलेल्या मातीचे. जुन्या माणसांच्या घरांची राख नव्या माणसांच्या छपरावर, आणि छप्पर अंगावर. मी हे फार वेळ बोलू शकत नाही.

नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं उठवून दुसरीकडे वसवली. नव्या गावांत सिमेंटची घरं आहेत, रुंद रस्ते आहेत. जुन्या गावठाणांवर बाभळी माजल्या. मागे अशा एका गावठाणातून चाललो होतो. शेळ्या चारणारी एक बाई म्हणाली, "हितं आमचं घर हुतं, भाऊ. ह्या लिंबापाशी चूल." तिने दाखवलेल्या जागी माती अजून काळीशारच होती, पण भिंतीच्या कडेला पांढुरकी छटा धरू लागली होती. पावसाने उघड्या पडलेल्या थरात एक जर्मनची वाटी, हिरव्या बांगडीचा तुकडा आणि एक खापर दिसत होतं. खापर माझ्या आजीच्या वेळचं की सातवाहनांच्या, ते मला सांगता आलं नाही. बाईने ते उचललं, शेळीच्या दिशेने भिरकावलं आणि पुढे निघाली.