तीन लोंब्या आणि एक अक्षर

हिमोग्लोबिनच्या रेणूत बीटा नावाची साखळी असते, १४६ अमिनो आम्लांची. ही साखळी घडवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ हे अक्षर आले, की सहाव्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येते. बदल इतकाच असतो. पण शरीरात ऑक्सिजन कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे ताठ होते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. सांधे ठणकतात, रक्त कमी पडते, प्लीहा निकामी होत जाते. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. आज गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत ‘सिकलसेल’ हा शब्द फक्त डॉक्टरांचा राहिलेला नाही. तो आदिवासींपुरताही नाही. विदर्भातल्या दलित आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतही हे जनुक आढळते.

मेंडेलचे गणित शिकवायला याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे एक सदोष आणि एक निर्दोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता एक चतुर्थांश, वाहक असण्याची निम्मी आणि दोन्ही जनुके निर्दोष असण्याची एक चतुर्थांश. ‘प्रत्येक’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब पुष्कळ घरांत मांडला जातो आणि तो चुकतो. वाटाण्याच्या उंच-बुटक्या झाडांच्या चौकटीत हीच गोष्ट विद्यार्थी पाठ करतो. ती त्याच्या घरात आली, की मात्र ओळखू येत नाही.

पुढचा प्रश्न खरा रंजक आहे. इतके घातक जनुक टिकले कसे? नैसर्गिक निवडीने ते केव्हाच गाळून टाकायला हवे होते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून याचे उत्तर दिले. हे जनुक ज्याच्याकडे एकपट असते, त्याला फॅल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात दोन्ही जनुके निर्दोष असलेली मुले तापाने दगावत आणि दोन्ही सदोष असलेली सिकलसेलने. मधला वाहक वाचे, आणि त्याच्याबरोबर ते अक्षरही पुढच्या पिढीत जाई. गडचिरोली हा आजही महाराष्ट्रात मलेरियाचा बालेकिल्ला आहे, हे लक्षात घेतले तर नकाशावर दोन आजार एकमेकांच्या शेजारी का दिसतात ते उमगते. म्हणजे सिकलसेल हा ‘रक्तदोष’ नव्हे, ‘जातीचा शाप’ तर नव्हेच. जंगल, डास, परोपजीवी आणि माणूस यांच्यात हजारो वर्षे चाललेल्या व्यवहाराची ती रक्तात उरलेली नोंद आहे.

मात्र हे समजायला आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे दोन विषय एकत्र शिकावे लागतात. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा एकच पाठ आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही तसाच पाठ होता. करोनानंतर अभ्यासक्रमाचा भार कमी करताना त्यातला उत्क्रांतीचा भाग गळाला आणि आनुवंशिकता तेवढी राहिली. एप्रिल २०२३मध्ये १८००हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी या निर्णयाविरुद्ध पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती शिल्लक आहे, असा बचाव झाला. पण दहावीनंतर विज्ञानच सोडणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग नाही. विसंगती अशी, की २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आदिवासी ज्ञानालाही अभ्यासक्रमात जागा देऊ केली आहे. एका दाराने आदिवासी ज्ञान आत आणायचे आणि दुसऱ्या दाराने उत्क्रांती बाहेर काढायची, हे जमणारे नाही. या ज्ञानाचा मोठा भाग उत्क्रांतीच्या भाषेतच नीट कळतो.

बियाण्याचेच पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे आदिवासी नव्हते, अल्पभूधारक दलित शेतकरी होते. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि पुढे वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या. तांदूळ बारीक निघाला, उतारा चांगला आला. त्या काळात लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून व्यापाऱ्यांत त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. उत्परिवर्तन, निवड आणि वंशसातत्य असा उत्क्रांतीचा सगळा पाठ त्या बांधावर घडला होता. चार्ल्स डार्विनने १८५९च्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांच्यावर लिहिले, ते उगाच नाही. कबुतरे पाळणाऱ्यांचे आणि पीक घेणाऱ्यांचे ज्ञान हा त्याच्या युक्तिवादाचा पाया होता. शाळा मात्र डार्विनला गालापागोसच्या बेटांवरून आणते आणि शेजारच्या बांधाला वळसा घालते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजातील राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. त्या भागात काळभात, रायभोग, जिरवेल अशा भाताच्या जाती आहेत, वालाचे तर कितीतरी प्रकार. बी जपण्यामागे जनुकशास्त्र आहे. भात स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून दोन जाती शेजारी लावल्या तरी फारशा मिसळत नाहीत आणि तीन लोंब्यांपासून एक जात उभी राहू शकते. मेंडेलने वाटाणा निवडला त्याचे एक कारण हेच होते. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. मक्याचे बी शुद्ध ठेवायचे तर शेत लांब हवे, नाहीतर पेरणीची वेळ तरी मागेपुढे करावी लागते. ही समज बी राखणाऱ्या बाईच्या हातात असते, तिला नाव नसते इतकेच.

येथे एका जुन्या चुकीचा बंदोबस्त आवश्यक आहे. मानवी उत्क्रांतीचे शालेय चित्र म्हणजे वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची रांग. त्या रांगेत आदिवासी कुठेतरी मागे उभा आहे, असे मुलांच्या मनात आपोआप बसते. हे साफ चूक आहे. आधुनिक मानव सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत दिसू लागला आणि आज जिवंत असलेला प्रत्येक माणूस त्यानंतर तितकाच काळ बदलत आलेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, भारतात सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात वेगवेगळ्या मूळ लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली. भिल्लांसारखे समाजही त्यातून सुटले नाहीत. पुढे जातीअंतर्गत लग्नांचे कुंपण पडले आणि एकेका समूहात विशिष्ट अप्रभावी, म्हणजे दोन्ही जनुके सदोष असली तरच दिसणारे, आजार साठत गेले. ‘शुद्ध’ आणि ‘आदिम’ ही दोन्ही विशेषणे जनुकांच्या पुराव्यापुढे टिकत नाहीत.

निसर्गज्ञान वर्गात आणायचे तर ते वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूसारखे नको, तपासता येण्याजोगे हवे. माडिया गोंडांमध्ये नवे फळ ‘पंडुम’ सण झाल्याशिवाय खात नाहीत. आंब्याला ते ‘मरका’ म्हणतात आणि त्याचा वेगळा पंडुम असतो. या निर्बंधामुळे फळ पिकून कोय रुजण्यायोग्य होईपर्यंत झाडावर राहते, असा तर्क करता येतो. तो तर्कच आहे. सण पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोन गावांत झाडाखालची रोपे मोजली, तर नववीचा वर्ग तो पडताळून पाहू शकतो. निष्कर्ष उलटाही निघेल, आणि तेही विज्ञानच. हीच कसोटी साऱ्या परंपरेला लावावी लागते. विषारी साप चावल्यावर मंत्राने उतार पडत नाही, प्रतिविषाने पडतो. सिकलसेलच्या वेदनांना देवऋषी पुरत नाही. पण बाळंतिणीला कोणता पाला चालतो, कुठले झाड कधी तोडू नये, याची गडचिरोलीच्या बायांकडची माहिती तेथेच काम करणाऱ्या डॉक्टर राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात नोंदवली, तेव्हा ती मंत्रांच्या यादीत टाकण्यासारखी नव्हती.

अशा नोंदींना कायद्यानेही जागा दिली आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली स्थानिक पातळीवर लोक-जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्या जडणघडणीत परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. पुष्कळ ठिकाणी ती कंत्राटदाराकडून भरून घेऊन कपाटात ठेवली जाते. हे काम शाळेने केले, तर मुले आजीकडून पालेभाज्यांची नावे घेतील, भाताच्या जाती पिशवीत भरून आणतील आणि शिक्षकांना नव्या जातींसाठी लेबले कमी पडतील. नोंदवहीच्या नमुन्यात शेती, मासेमारी आणि जंगल यांची जाण असलेल्या गावकऱ्यांची यादीही मागितलेली असते. दादाजी खोब्रागडे २०१८ साली वारले. ‘एचएमटी’ तांदूळ तोपर्यंत अनेक राज्यांत पोचला होता आणि पोत्यांवर नाव घड्याळाचे होते.