एक कोयता, दोन माणसं

हातातला फोन थोडा वेळ पालथा ठेवा. हे सावकाश वाचायचं आहे. जिथं अडेल तिथं अडू द्या.

दिवाळी सरते आणि मुखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक येऊन लागतात. ते डोळ्यांपुढे आणा. आधी पत्र्याची पेटी चढते, मग ज्वारीचं पोतं, भांडी, वाकळा, एखादी शेळी. शेवटी लेकरं. ओसरीवर म्हातारी बसलेली असते, घर आता तिच्या भरवशावर. ट्रक ऊसतोडीसाठी ऊसपट्ट्याकडे निघतो आणि पुढचे पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं उरतात.

आता हे सगळं बाजूला सारा. त्या सामानातली एकच वस्तू बघा. कोयता. लाकडी मूठ, घट्टे पडलेल्या हातांनी गुळगुळीत झालेली. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, घामानं निसटू नये म्हणून. पातं वाकडं, कारण ऊस बुडाशी तोडायचा असतो. या वस्तूत एकही गोष्ट उगाच नाही. घडवणाऱ्या लोहाराला आधीच ठाऊक होतं, ही कशासाठी.

29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमधल्या एका व्याख्यानात तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रनं असंच एक पातं पुढे धरलं होतं: कागद कापायची सुरी. सुरीचं प्रयोजन आधी ठरतं, मग ती घडते. माणसाचं उलट आहे, असं तो म्हणाला. माणूस आधी जन्माला येतो, मग निवडत-निवडत, करत-करत तो कोण आहे ते ठरतं. कुणी लोहार त्याचं प्रयोजन ठरवून ठेवत नाही.

आता या ऊसतोड मजुरांना नेणाऱ्या मुकादमाची वही उघडा. तिथं नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' होतात. एकटा गडी असला तर 'अर्धा कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो.

इथं थांबा. घाई करू नका. ज्याचं प्रयोजन कुणी ठरवू शकत नाही, असं सार्त्र म्हणाला, त्याचंच नाव आपण प्रयोजन ठरलेल्या वस्तूवरून ठेवलं. आणि दोन जीव मिळून एक.

त्या 'एक कोयत्या'तल्या बाईला जाऊन 'तू स्वतंत्र आहेस' असं सांगण्याची माझी हिंमत नाही. उचल पावसाळ्यातच खर्चून गेली: बियाणं, दवाखाना, लग्न. आजारी पडून एक दिवस मोडला तर खाडा कापला जातो. पहाटेच्या अंधारात फडात जायचं की नाही, हे तिनं ठरवलेलं नाही. स्वातंत्र्याचा विचार सांगणाऱ्यानं आधी तिच्या कोपीसमोर उभं राहावं, मगच बोलावं. तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारला हे उमगलं होतं. आपलं स्वातंत्र्य खरंच हवं असेल तर दुसऱ्याचंही हवं असावं लागतं, हे तिनं ठासून मांडलं.

मग स्वातंत्र्य जास्त कुणाच्या हातात आहे? श्वास आत घ्या, आणि उत्तर टाळू नका. ज्याच्या हातात लेखणी आहे, त्याच्या. माझ्या. कदाचित तुमच्याही.

लिहिणाऱ्यानं गप्प राहणं हीसुद्धा निवडच असते. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांपुढेही गप्प राहण्याची वाट मोकळी होती. आणीबाणी चालू होती, यशवंतराव चव्हाणांसारखे केंद्रीय मंत्री समोर होते. त्या बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. आपल्या नांदेडात पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर गावोगाव बोलत राहिले. मी नास्तिक आहे, हे ते श्रद्धाळू श्रोत्यांसमोरही लपवत नसत. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांना मरण आलं, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. मला त्यांच्या विद्वत्तेहून हे मोठं वाटतं, की शब्द उच्चारला की त्याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही.

आपली परीक्षा एवढी मोठी नसेल. आपल्यापुढे एखादी बातमी असते, एखादी कविता, तहसीलला द्यायचा एखादा अर्ज. त्यात आपण सहज लिहून जातो, 'इतके कोयते गेले'. शब्द रुळलेला आहे, कुणाला खटकत नाही. पण रुळलेला शब्द वापरतानाही आपण निवडत असतो, आणि त्या निवडीनं मुकादमाच्या वहीवर आपली सही पडते.

पुन्हा एकदा ट्रककडे बघा. मागच्या फळीला धरून ती बसली आहे. लहानगं मांडीवर झोपलंय. ती गावाकडे बघते आहे. काय विचार करते आहे, ते आपल्याला माहीत नाही. ते तिचं आहे, वहीत न मावणारं.

मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' असं लिहिलेलं असेल. तुम्ही लिहाल तेव्हा आधी तिला तिचं नाव विचारा, मग त्याला त्याचं, आणि दोन्ही लिहा.