उपाशीपोटीचं सत्य

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाला आपण लबाड म्हणत नाही. पाहुणे येणार म्हणून सोफ्यावरचे कपडे आतल्या खोलीत कोंबणाऱ्या बाईला तर टापटिपीची म्हणतो. मग साखर तपासायच्या आधी चारच दिवस कारल्याचा रस पिणाऱ्या माणसानं कुणाचं काय घोडं मारलंय?

हा प्रश्न माझा नव्हे, आमच्या हेड कॅशियरांचा. आम्ही दोघंही मधुमेही. बँकेत आमचा हुद्दा वेगळा, पण गोळी एकच. दर तीन महिन्यांनी, बँकेला सुट्टी असलेल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जोडीनं तपासणीला जातो. मंगळवारपासून त्यांच्या घरात चातुर्मास सुरू होतो. भात बंद, चहा बिनसाखरेचा, पहाटे टेकडी. शनिवारी उपाशीपोटी रक्त द्यायचं, खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं. मधल्या दोन तासांत ते इतके निष्पाप दिसतात, की नर्सबाईंनाच सुई टोचताना अपराध्यासारखं वाटावं. संध्याकाळी रिपोर्ट चांगला आला, की परतीच्या वाटेवर पाव किलो जिलबी.

मला बी.कॉम.ला नीतिशास्त्र नव्हतं, ऑडिटिंग होतं. दोन्हींत फारसा फरक नसावा. माणूस मुळात सज्जन आहे असं दोन्हीकडे गृहीत धरतात, आणि लगेच त्याच्याकडे व्हाउचरं मागतात. उपाशीपोटीची साखर म्हणजे ३१ मार्चचा ताळेबंद. त्या दिवशीची स्थिती तेवढी खरी, ३० तारखेचं विचारू नये. आमच्याकडे याला विंडो ड्रेसिंग म्हणतात.

शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युअल राहबार या डॉक्टरांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळंच हिमोग्लोबिन दिसलं. त्यातूनच पुढे एचबीए-वन-सी ही तपासणी आली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि रक्तात जितकी साखर असेल तितकी तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. त्यामुळे दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. बचत खात्यावरचं व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळायचं. लोक बेतानं १० तारखेच्या आत पैसे भरायचे. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागलं आणि ती गंमत संपली. साखरेचंही तसंच झालं. आमचे हेड कॅशियर ही तपासणी ‘उगाच खर्च’ म्हणून टाळतात. एरवी दिवाळीत मिठाईवर किती खर्च होतो, ते विचारायची सोय नाही.

यात फसतं कोण? डॉक्टर फसतात, पण त्यांना काय! ते आकडा बघतात आणि ‘छान, तीच गोळी चालू ठेवा’ म्हणतात. म्हणजे गोळी ठरते ती त्या चार दिवसांच्या सद्गुणी गृहस्थासाठी. उरलेले ८६ दिवस जो जगतो, जिलब्या खातो, त्याची कुणी दखलच घेतलेली नसते. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड मात्र त्याचीच खराब होतात. तीही न दुखता. या दुखण्याचा खरा वैताग हाच, की ते दुखत नाही.

तरी सगळा दोष मी पेशंटला देणार नाही. तपासणीची परीक्षा कुणी केली? रिपोर्ट वाढला की रागावणाऱ्या डॉक्टरांनीच. ज्या इन्स्पेक्टरांचा आवाज शाखाभर घुमतो, त्यांच्यापुढे सगळी रजिस्टरं चकचकीत जातात. त्याउलट एक इन्स्पेक्टर आल्याआल्या म्हणायचे, “चहा सांगा, आणि कुठं अडलंय ते सांगा.” त्यांना लोक न विचारलेलंही सांगून टाकायचे.

गेल्या खेपेला नव्या डॉक्टरीणबाईंनी पायांची तपासणी काढली. डोळे मिटून झोपायचं, त्या नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवणार, लागलं की सांगायचं. हेड कॅशियर पहिल्याच क्षणी म्हणाले, “हो.”

बाई म्हणाल्या, “काका, मी अजून टेकवलाच नाही.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी तो सहा ठिकाणी टेकवला. दोन ठिकाणी हो आलं. बाई रागावल्या नाहीत. “रोज रात्री तळवे बघत जा. आणि अनवाणी चालू नका, देवळातसुद्धा मोजे घाला,” एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बूट घालताना ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आपली बोटं उघडमीट करून पाहिली. तीस वर्षं ही बोटं खोटी नोट मशीनच्या आधी ओळखतात, अशी शाखेत त्यांची ख्याती.

“यांचंही असं होतं का हो?” त्यांनी विचारलं.

जिलबीच्या दुकानावरून आम्ही गेलो, तेव्हा मी मुद्दामच रस्त्याच्या त्या बाजूनं चालत होतो. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. खिशातली दहाची एक नोट काढून ते ती अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चाचपत होते.