पिशवीवरचं नाव

शहापूर-मुरबाडकडे राब भाजून झाले की भाताच्या बियाण्याची पिशवी घरात येते. नाव बघा कधी: कर्जत-३, कर्जत-७. ही वाणं कर्जतच्या संशोधन केंद्राची. केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, जे १९७२ साली स्थापन झालं.

अशा विद्यापीठांचा साचा अमेरिकेतला. १८६२च्या मॉरिल कायद्याने तिथल्या राज्यांना जमिनी मिळाल्या, त्या विकून शेतीची कॉलेजं उभी राहिली. जमिनी आल्या कुठून? तिथल्या मूळ रहिवाशांकडून, बहुतेक वेळा मातीमोल भावाने नाहीतर बळाने. भारतात हा साचा १९६० साली पंतनगरला आला.

आपण कुणाची जमीन विकून शिकलो नाही, असं म्हणून सुटता येईल. पण बियाण्याचं काय? सुधारित वाण आभाळातून पडत नाही. त्याच्या मुळाशी कुणीतरी चांगल्या लोंब्या निवडून, कणगीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं भात असतं. तिचं नाव पिशवीवर येत नाही. (हो, 'तिचं'. बियाणं राखणारी बहुधा बाईच.)

विद्यापीठाने गावात जाऊन शिकवण्याला 'विस्तार' म्हणतात. शब्दातच दिशा ठरलेली आहे, केंद्राकडून गावाकडे. माझी तक्रार नव्या वाणाबद्दल नाही. उतारा वाढला तर पोट भरतं. पण २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण आपल्या नावावर नोंदवता येतं. तो अर्ज भरायला एखाद्या कातकरी किंवा ठाकर वाडीत जाऊन बसणं, हा विस्तार नाही का?